थेरगावात उभं असलेलं विमान

माझ्या घरमालकांचं विमान सात महिने जागचं हललं नव्हतं. डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं तीन मजली घर. तळमजल्याच्या ज्या खोलीत बाकीचे घरमालक किराणा दुकान भाड्यानं ठेवतात, त्या खोलीत ते विमान उभं होतं. म्हणजे एक संगणक, तीन पडदे, भंगार बाजारातून आणलेली जुन्या बसच्या ड्रायव्हरची सीट आणि भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापून करून घेतलेलं बटणांचं पॅनल. रोज सकाळी साडेनऊला काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या खोलीत जात. बॅटरी चालू करत, एकेक यंत्रणा जागी करत, तपासत, आणि बाराच्या सुमाराला तितक्याच शिस्तीनं एकेक यंत्रणा बंद करून जेवायला वर येत. विमान धावपट्टीपर्यंतसुद्धा गेलेलं नसे.

गल्लीतले लोक त्यांना कॅप्टन म्हणायचे. चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास विचारायचं, काय कॅप्टन, आज कुठं, दिल्ली का दुबई. काका चिडत नसत. आपण कॅप्टन नाही, मेंटेनन्सचे आहोत, आणि विमान अजून तपासणीत आहे, असं ते शांतपणे सांगत आणि चहा पीत राहत. चाळीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात प्रेस मशीन सांभाळली होती. आयटीआय करून हेल्पर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. मोठ्या प्रवासी विमानातली वीज कुठून कुठं जाते, हायड्रॉलिकचं तेल कुठल्या नळीतून कुठं वळतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. खऱ्या विमानात मात्र ते एकदाही बसलेले नव्हते.

मी लातूरहून आलेली, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलेली. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. आधी मी जिथं जिथं खोली बघायला गेले होते, तिथं लग्न कधी करणार, मित्र येतात का, मटण शिजवणार का, असं सगळं विचारून झालं होतं. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला खोलीचा चार्ज दिला. शिफ्ट संपताना एक माणूस दुसऱ्याला मशीन ताब्यात देतो, अगदी तसा. हे बटण पंख्याचं, हे दिव्याचं, गीझरची वायर दिवाळीत बदललीय, नळ उलट्या आट्याचा आहे. शेवटी म्हणाले की तिसरं बटण काहीच करत नाही, ते दाबायचं नाही. मी विचारलं, काहीच करत नाही तर दाबलं म्हणून काय बिघडेल?

"सवय बिघडेल," काका म्हणाले.

घरात कुठलीही वस्तू नादुरुस्त झाली की ते तिला लाल पुठ्ठ्याचा टॅग बांधत. त्यावर लिहिलेलं असे, 'काम चालू आहे. चालू करू नये.' खाली तारीख आणि सही. मिक्सरला टॅग, टेबलफॅनला टॅग. एकदा काकूंचा गुडघा सुजला होता, तेव्हा त्यांनी जिन्याच्या कठड्यालाच टॅग लावला आणि आठवडाभर भाजी, दूध, दळण सगळं स्वतः वर आणलं. काकू मूळच्या मावळातल्या. त्या हसून मला म्हणाल्या होत्या, "मला मशीन समजतो व्हय हा माणूस. पर मशीनला लई जपतो, तवा चालतंय."

विमान घरात आलं त्याच्या आधीचे चार महिने ते निवडण्यात गेले. मी राहायला आले ते नेमके त्याच काळात, आणि काकांना इंग्रजी पत्रं लिहून देणारं कुणीतरी हवंच होतं. यंत्रांची इंग्रजी पुस्तकं त्यांना सहज कळत. पण 'प्रिय महोदय' लिहायची वेळ आली की त्यांचा हात अडायचा.

मला वाटलं होतं की एक सीडी किंवा एक ॲप असेल, टाकलं की झालं. काकांनी मला बसवून समजावलं. आधी आकाश विकत घ्यायचं. म्हणजे जमीन, हवा, ढग, विमानतळ हे सगळं असलेलं मूळ सॉफ्टवेअर. त्यात चार-दोन विमानं सोबत मिळतात, पण ती वरवरची. खरं विमान, आतल्या सगळ्या यंत्रणांसकट, वेगळ्या कंपन्या करतात आणि ते वेगळं घ्यावं लागतं. चाकणच्या माणसाला हे पटकन कळतं. गाडीची चेसिस एका प्लँटची, बॉडी दुसऱ्याची.

आकाश त्यांनी दोन दिवसांत ठरवलं. विमानाचं काही ठरेना. इंटरनेटवर या हौशी लोकांचे मोठमोठे अड्डे आहेत, तिथं हजारो माणसं कुठलं विमान चांगलं यावर हिरिरीनं भांडत असतात. बहुतेक जण चित्रांबद्दल बोलत. पंखावर ऊन कसं चमकतं, खिडकीच्या काचेवर पावसाचे थेंब कसे ओघळतात. काका ते सगळं सोडून पुढं जायचे. त्यांची कसोटी एकच होती. ते म्हणायचे की मशीन चालू असताना सगळीच सारखी दिसतात, बिघडल्यावर कळतं आत काय आहे ते. म्हणून ते तासन्‌तास लोकांनी टाकलेले व्हिडिओ बघायचे, पण उड्डाणाचे नाहीत. कुणी चुकून जनरेटर बंद केला आणि पुढं काय झालं, असले. एका विमानात जनरेटर बंद केला तरी सगळे पडदे मजेत चालू राहिले. काकांनी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, नुसती रंगवलेली बटणं आहेत.

शेवटी तीन विमानं उरली. त्यातलं एक फुकट होतं, जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून केलेलं. फुकट म्हणून काका आधी त्याच्याकडे संशयानं बघत, मग त्यांना त्या लोकांचं फार कौतुक वाटायला लागलं. तरी निवड करायची तर तिन्ही विमानं करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायचा, असं त्यांनी ठरवलं. पत्र मी लिहिलं. प्रश्न असा होता, की विमान उभं आहे, इंजिनं बंद आहेत, पंप बंद आहेत, तर ब्रेकच्या टाकीत साठलेल्या दाबावर किती वेळा ब्रेक लागेल, आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तो दाब दर वेळी तेवढाच कमी होतो का?

पहिल्यांनी उत्तरादाखल एक रंगीत जाहिरात पाठवली आणि सवलतीचा कोड दिला. दुसऱ्यांनी, म्हणजे त्या फुकटवाल्यांनी, कळवलं की एवढं अजून केलेलं नाही, करायचं आहे. काका म्हणाले, "खरं बोलला. हा माणूस पुढं जाणार." तिसऱ्यांचं उत्तर आठ दिवस आलंच नाही. आलं तेव्हा दोन ओळी होत्या. साधारण सात वेळा, हो, दर वेळी कमी होतो. आणि खाली एक प्रश्न होता: तुम्ही हे का विचारताय?

काकांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कारखान्यात चाळीस वर्षांत आपण वरच्यांना शेकडो प्रश्न विचारले, पण तू का विचारतोस असं कुणी विचारलं नाही, असं ते म्हणाले. तिसऱ्यांचं विमान घ्यायचं ठरलं.

घेणं सोपं होतं, घरात आणणं अवघड. आमच्या ऑफिसातल्या आयटीच्या मुलानं सांगितलं की काकांच्या जुन्या संगणकावर हे उघडणारसुद्धा नाही. मग चांगलं ग्राफिक्स कार्ड आलं, मेमरी वाढली, मोठा पंखा बसला. डाउनलोड चार दिवस चाललं. काकांनी राउटरला लाल टॅग बांधला. काकूंची संध्याकाळची मालिका बंद पडली, माझे व्हिडिओ कॉल बंद पडले. तिसऱ्या दिवशी गल्लीतली वीज गेली. परत आल्यावर डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार अशी मला खात्रीच होती, पण ते जिथं थांबलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं. काकांनी पडद्याला हात जोडले. देवाला हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रविवारी विहारात वंदनेला जायचे, तेवढंच.

मग सेटिंग. मी आणि तो आयटीचा मुलगा एका रविवारी बसलो. आम्ही हौसेनं सगळं वाढवून ठेवलं. डोंगर हिरवेगार, ढग कापसासारखे, विमानतळावर माणसं चालतायत, सामानाच्या गाड्या फिरतायत. दिसायला बहारदार, पण चित्र अडखळत होतं. काकांनी पुढं होऊन एकेक गोष्ट कमी करायला लावली. माणसं काढा. गाड्या काढा. झाडं काढा. ढग काढा. शेवटी खिडकीबाहेर एक करडं मैदान आणि करडं आकाश उरलं, आणि आतली बटणं, काटे, आकडे आरशासारखे लख्ख झाले. आयटीच्या मुलाचा चेहरा पडला. मी म्हटलं, काका, बाहेर बघायला काहीतरी ठेवा.

"बाहेर काय बघायचं?" ते म्हणाले. "बिघाड बाहेर नसतो."

आणि मग ते सात महिने सुरू झाले. काकांनी विमान चालू करण्याची यादी मराठीत उतरवली. मोठ्या अक्षरात, शाळेच्या वहीत. आणि यादी वाचायला काकूंना बसवलं. काकू स्वयंपाक उरकून, पदर खोचून शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसत. बॅटरी एक? चालू. बॅटरी दोन? चालू. इंधनाचे पंप? काका तिथं जरा रेंगाळले की काकू वरच्या पट्टीत परत विचारायच्या, इंधनाचे पंप? उत्तर आल्याशिवाय त्या पुढची ओळ वाचत नसत. दुसरी शिफ्ट असली की, नाहीतर सुट्टीच्या दिवशी, मला जिन्यात ते ऐकू यायचं. वर्गात पाढे म्हणावेत तसं.

मला तेव्हा हे नुसतं वेड वाटायचं, गोड वेड. एका संध्याकाळी मी काकूंबरोबर मेथी निवडत बसले होते. सहज म्हटलं की काका विमान उडवत का नाहीत. काकूंनी जुडी खाली ठेवली आणि सांगितलं ते असं.

त्यांची एकुलती एक मुलगी गुवाहाटीला असते. तिथल्याच मुलाशी लग्न केलं, दोघंही कॉलेजात शिकवतात. लग्न इथंच झालं. पण लेकीचं घर काकूंनी अजून पाहिलेलं नव्हतं. रेल्वेनं जायला दोन दिवसांच्या वर लागतात आणि काकूंचा गुडघा तेवढं बसू देत नाही. दोन वर्षांपूर्वी जावयानं विमानाची तिकिटं पाठवली. दोघं लोहगावला विमानतळावर गेले. तपासणी झाली, आत बाकावर बसले, विमानाचं नाव पुकारलं. रांगेत उभे राहिले आणि काकांचे पाय उचलेनात. काचेतून त्यांना विमानाखाली एक माणूस वाकून काहीतरी बघताना दिसत होता. त्यांनी काकूंना सांगितलं, मला जमणार नाही. दोघं परत आले. काकूंच्या पिशवीत लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते. ते गल्लीत वाटले आणि लोकांना सांगितलं की विमान रद्द झालं.

"भित्रा न्हाई हाय तो," काकू म्हणाल्या. त्यांनी मग कारखान्यातली गोष्ट सांगितली. प्रेसच्या पुढं एक जाळी असते. जाळी उघडी असली तर मशीन चालूच होऊ नये, अशी सोय असते. एकदा माल वेळेत जावा म्हणून कुणीतरी वरच्यानं ती सोय तारेनं बांधून टाकली. काका दुसऱ्या शिफ्टला होते. त्यांच्या बरोबरच्या माणसाची दोन बोटं गेली. तेव्हापासून ते म्हणायचे की मशीनला मी भीत नाही, तार बांधणाऱ्याला भितो. आणि विमानाखाली वाकलेल्या त्या माणसाला बघून त्यांना तेच आठवलं.

"एका शब्दानं बोलले न्हाई मी त्याला," काकू म्हणाल्या. "आता लेकीला दिवस गेलेत. त्यो बी काय बोलत न्हाई. खाली जाऊन बसतो."

दुसऱ्या दिवशी जिन्यात बॅटरी एक, बॅटरी दोन ऐकलं तेव्हा मी पायरीवरच थांबले.

त्यानंतर महिनाभरानं, एका सुट्टीच्या दुपारी माझ्या दारावर थाप पडली. काका दोन मजले चढून आले होते, दम लागला होता, चष्मा कपाळावर. मला वाटलं काकूंना काही झालं. ते म्हणाले, चल खाली, दाखवतो. खाली त्यांनी मला बसच्या सीटवर बसवलं. विमान त्यांनी सरळ हवेतच ठेवलं होतं, सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. दोन्ही इंजिनं त्यांनी मुद्दाम बंद केली. सगळे पडदे एकदम विझले. मग खालून कुठूनतरी घरघर सुरू झाली आणि समोरचा एक पडदा परत उजळला.

विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा आपोआप बाहेर येतो, त्यांनी सांगितलं. वाऱ्यानंच फिरतो. त्याच्यावर हायड्रॉलिकचा एक पंप चालतो, आणि त्या दाबावर थोडी वीज तयार होते. चालवायला पुरेल एवढी. कुणी बटण दाबायची गरज नाही. तेलाच्या तीन वेगळ्या लाइन, हिरवी, पिवळी, निळी, हे त्यांना आधीच माहीत होतं. पण सगळं गेल्यावरसुद्धा वाऱ्याची सोय करून ठेवणारा कुणी असेल, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"हा विचार ज्यानं केला ना पोरी," ते म्हणाले, "त्यानं कुठंतरी तारेनं बांधलेली मशीन बघितली असणार."

त्या दिवशी त्यांनी ते सात-आठ वेळा करून बघितलं. काकूंना दाखवलं, टपरीवाल्याला बोलावून दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. दर वेळी पडदा उजळला की ते त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचे.

मग पहिलं उड्डाण ठरलं. रविवारी, वंदना झाल्यावर. विहारातून लोक थेट खाली आमच्याकडेच आले, तीसेक माणसं तरी असतील. खुर्च्या मांडल्या, काकूंनी पोहे केले. काका पांढऱ्या शर्टात. काकूंनी यादी वाचली, इंजिनं सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सात महिन्यांनी विमान जागचं हललं आणि करड्या मैदानातून हळूहळू धावपट्टीकडे निघालं. तेवढ्यात वरती एक दिवा लागला. पिवळ्या लाइनचं तेल कमी.

काकांनी विमान थांबवलं आणि ब्रेक लावला. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड कुठला आणि कधी येईल हे संगणकावर सोडता येतं, आणि ते त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी चालू केलं होतं. आपल्याला आधी माहीत असेल तर त्याला बिघाड म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते पानं उलटत वहीत बघायला लागले. खोलीत चुळबुळ सुरू झाली. मग ते उठून लोकांकडे वळले आणि म्हणाले की आज विमान जाणार नाही, परत जागेवर न्यायचं आहे.

मागून एक जण म्हणाला, "अहो काका, खोटं विमान आहे. उडवा की राव."

"खोटं आहे म्हणून खोटं वागायचं का?" काकांनी विचारलं.

ते परत बसले आणि तीस माणसांसमोर विमान जिथून निघालं होतं तिथं नेऊन उभं केलं. एकेक यंत्रणा बंद केली. काकू वाचत होत्या, ते उत्तर देत होते. शेवटी त्यांनी सीटच्या पाठीला लाल टॅग बांधला. मग सगळ्यांनी पोहे खाल्ले आणि हसत, आमचं सामान कुठं मिळणार म्हणत, लोक घरी गेले. मला वाटलं काका खट्टू झाले असतील. मी प्लेटा उचलायला खाली राहिले होते. ते त्या सीटवर नुसते बसले होते आणि चेहरा असा, जणू मोठ्या आजारातून उठलेत.

"पुस्तकातच लिहिलंय पोरी," ते म्हणाले. "दिवा लागला की थांबा म्हणून. कुणाला विचारायचं नाही. प्रॉडक्शनवाल्याचा फोन नाही. माझ्याच्यानं थांबवलं गेलं, तर त्या खऱ्या विमानवाल्यांच्यानं का नाही थांबवलं जाणार?"

त्याच आठवड्यात त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं की आम्ही येतो, विमानानं.

तिकिटं आली. निघायला पंधरा दिवस होते, तेवढ्यात काकांनी घरातलं विमान खरोखर उडवलं, दहा-बारा वेळा. पुणे ते दिल्ली, पुणे ते गुवाहाटी. मात्र पहिल्याच उड्डाणात धावपट्टी मागं पडल्यावर काकूंनी यादी मांडीवर ठेवली आणि त्या म्हणाल्या की असल्या राखेसारख्या आभाळात मी लेकीकडे जाणार नाही. मला बोलावणं आलं. मी ढग चालू केले, झाडं चालू केली, डोंगर हिरवे केले. चित्र थोडं अडखळलं. काका कुरकुरले, पण खिडकीबाहेर ढगांचा पहिला थर खाली जाताना त्यांनी मान वळवली आणि बराच वेळ काट्यांकडे बघितलं नाही. काकूंनी त्यांना दोनदा उंची विचारली, तेव्हा कुठं ते भानावर आले.

विमानतळावर सोडायला मीच गेले. पुढचं सगळं मला काकूंनी रात्री गुवाहाटीहून फोनवर सांगितलं. रांगेत काका परत एकदा थांबले. खाली, चाकांपाशी, आजही एक माणूस वाकला होता, हातात टॉर्च. काकांनी त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ. तो माणूस उठला, दोन पावलं गेला, परत मागं आला आणि तीच जागा पुन्हा बघायला लागला. काका म्हणाले, चल. आत बसल्यावर इंजिनं सुरू होताना दिवे एकदा विझून परत लागले. पलीकडच्या बाईंनी आर्मरेस्ट घट्ट पकडलं. काकांनी त्यांना सांगितलं की काही नाही, वीज एका जनरेटरवरून दुसऱ्यावर गेली. मग खालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला, तर ते त्या बाईंना म्हणाले, हिरवी लाइन पिवळीला दाब देतेय, रोज होतं. विमान वर उठलं तेव्हा मात्र त्यांनी काकूंचा हात धरला आणि ढगांच्या वर येईपर्यंत सोडला नाही.

"अन् मंग?" मी विचारलं. काकूंचं ऐकून ऐकून मीही तशीच बोलायला लागले होते.

"मंग काय. झोपला," काकू म्हणाल्या. "मी एकटीनं बघितलं सगळं आभाळ."

नात झाली. दोन महिने राहून दोघं परत आले, तेही विमानानंच. काका त्या प्रवासाबद्दल फार बोलले नाहीत. पण महिन्याभरात खालच्या खोलीत काहीतरी नवं सुरू झालं. पहिली आली ती शेजारची आजी, तिचा नातू तिला अमेरिकेला नेणार होता आणि तिची झोप उडाली होती. काकांनी तिला बसच्या सीटवर बसवलं, खिडकीबाहेरचं आकाश छान निळं ठेवलं, आणि एकेक आवाज ऐकवला. हा दिवे विझल्याचा. हा भुंकल्यासारखा. हा चाकं आत गेल्याचा धप्प. हा इंजिनं जरा हळू झाल्याचा, तेव्हा खाली चाललोय असं वाटतं पण चाललेलो नसतो. आजीनं सगळे आवाज दोन-दोनदा ऐकले आणि ती शांतपणे अमेरिकेला गेली. मग तिची बहीण आली. मग कुणाची सासू. पहिल्यांदा विमानात बसणारी बाई थेरगावात काकांकडे येऊन गेल्याशिवाय विमानतळावर जाईनाशी झाली. काकू चहा द्यायच्या आणि तो वाऱ्याचा पंखा काकांच्या आधी स्वतःच समजावून सांगायच्या.

मी आता लग्न होऊन पिंपळे सौदागरला राहते, पण अधूनमधून रविवारी जाते. परवा गेले तेव्हा डांगे चौकातल्या भाजीवाल्या मावशींचा फोन आला होता. त्या लेकाकडे मस्कतला गेल्या होत्या, आठवड्यापूर्वी काकांकडून सगळे आवाज नीट ऐकून. फोन स्पीकरवर होता. मावशी म्हणाल्या की तुमी सांगितलेले समदे आवाज आले, एकबी चुकला न्हाई, पर एक जास्तीचा आला.

काका ताठ बसले. कसा होता, कधी सुरू झाला, डावीकडून का उजवीकडून, किती वेळ चालला, सगळं त्यांनी विचारलं. मावशींनी फोनवरच आवाज काढून दाखवला. लांब, खर्जातला, मध्येच तुटणारा. विमान वर गेल्यावर सुरू झाला, उजवीकडून यायचा, अन् जेवण वाटायला आले तवा थांबला.

काकूंनी शेंगा सोलता सोलता मान वर केली आणि म्हणाल्या, "शेजारचा माणूस घोरत आसंल."

काकांनी त्यांच्याकडे जरा नाराजीनं बघितलं. मावशी पलीकडून म्हणाल्या की व्हय, शेजारी एक जाडजूड गृहस्थ होते खरे. मग काकांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं, आवाजांच्या यादीत खाली नवा क्रमांक टाकला आणि मावशींना म्हणाले की तो आवाज परत एकदा काढून दाखवा, पुढच्या बायकांना आधीच सांगायला बरं.